पिल्लांचं दूध एका दिवसात तुटत नाही

संपादक महोदय,

छोट्या जाहिरातींच्या रकान्यात 'पिल्लं देणे आहे' या मथळ्याखाली कुत्र्याच्या पिल्लांचं वय म्हणून 'एक महिना', 'सव्वा महिना' असे आकडे सर्रास दिसतात. सोबत 'स्वतःहून खातात' अशी ग्वाहीही असते. पाच आठवड्यांचं पिल्लू ताटलीत तोंड घालतं हे खरं, पण म्हणून त्याचं अंगावरचं दूध सुटलं असं होत नाही. ताटलीतला पहिला घास आणि दूध पूर्ण सुटणं यांत जवळजवळ चार आठवडे जातात. जुलाब, खुंटलेलं वजन, आईच्या आचळांत धरलेल्या गाठी, अशा बऱ्याच तक्रारी हे आठवडे उरकून टाकल्यामुळे होतात. म्हणून एक विनंती आहे. पिल्लांच्या जाहिरातीत वयाऐवजी जन्मतारीख छापावी आणि आठ आठवडे पूर्ण न झालेल्या पिल्लाची जाहिरात स्वीकारू नये. अनेक देशांच्या कायद्यांत विक्रीसाठी हीच किमान मर्यादा आहे. या मधल्या काळात नेमकं काय करायचं, ते ज्यांच्या घरी कुत्री व्यायली आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

पिल्लाचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. तिसरा आठवडा संपताना ते पायांवर बऱ्यापैकी उभं राहतं आणि हिरड्यांतून दुधाचे दात डोकावू लागतात. आधी सुळे आणि पुढचे दात, मग दाढा. सगळे मिळून २८. हे दात सुईसारखे टोकदार असतात. ते लागायला लागले की आई आडवी न होता उभ्यानेच पाजते, मध्येच उठून निघून जाते. काहींना वाटतं आई पिल्लांना टाकतेय. तसं काही नसतं, दूध तोडायला तिने स्वतःच सुरुवात केलेली असते. तिचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि पिल्लांची भूक त्यापुढेही वाढतच जाते. म्हणून पहिला घास २१ ते २८ दिवसांच्या दरम्यान द्यायचा. मोठ्या जातीच्या आठ-दहा पिल्लांचं वेत असेल तर २१व्या दिवशी सुरू करायला हरकत नाही, कारण तिथे आईच्या अंगावर ताण फार असतो. अगदी छोट्या जातींमध्ये चार आठवडे थांबलेलं बरं. दोन आठवड्यांच्या पिल्लाला चाटवण्याचा उत्साह मात्र नको. त्या वयात त्याला फक्त चोखता येतं. लपलप करून पिणं आणि श्वास यांचा मेळ अजून बसलेला नसतो.

सर्वाधिक गोंधळ गाईच्या दुधावरून होतो. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, लॅक्टोज ही दुधातली साखर मात्र कमी असते. गाईच्या दुधात लॅक्टोज पाच टक्क्यांच्या आसपास, कुत्रीच्या दुधात तीन ते चार. त्यामुळे गाईच्या दुधाने पिल्लाचं पोट भरतं, पण वजन भरत नाही. वर न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं, जिवाणू ते आंबवतात आणि जुलाब सुरू होतात. त्यात पिल्लू जसजसं मोठं होतं तसतसं लॅक्टोज पचवणारं विकरही (एन्झाइम) कमी होत जातं, म्हणजे 'लहान असताना पचत होतं' हा युक्तिवाद सहाव्या आठवड्यात टिकत नाही. दूध जड पडतं म्हणून त्यात पाणी घालून देणारे तर आधीच निम्मं असलेलं पोषण आणखी निम्मं करतात. दूधच द्यायचं असेल तर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर वापरावी, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच कालवावी. घट्ट केली तर बद्धकोष्ठ, पातळ केली तर उपासमार.

आता पहिलं खाणं. वाढत्या पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य घ्यावं. पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, मोठ्या कुत्र्यांचं चालत नाही. एक भाग खाद्य, तीन भाग कोमट पाणी किंवा कालवलेली दूध पावडर. वीस ते तीस मिनिटं भिजू द्यावं, मग चमच्याने घोटावं किंवा मिक्सरमधून काढावं. चमचा तिरपा केला की पातळ पेजेसारखं ओघळलं पाहिजे आणि त्यात एकही गुठळी असता कामा नये. देताना ते अंगाइतकंच कोमट, म्हणजे ३७-३८ अंशांच्या आसपास हवं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघावा. गरम किंवा गार असं काहीच जाणवलं नाही की बरोबर. गार दिलं तर वास उठत नाही आणि पिल्लं तोंड फिरवतात. भांडं पसरट, जड आणि दोन सेंटिमीटरपेक्षा कमी काठाचं घ्यावं. खाली ओलं फडकं अंथरलं की ते सरकत नाही. सुरुवातीला पिल्लामागे एक-दोन छोटे चमचे पुरतात.

आईला तासभर दुसरीकडे न्यावं, तिचं पोट आधीच भरलेलं असावं. पिल्लांना थोडी भूक लागलेली हवी. अगदी कडाडून भुकेलेलं पिल्लू ताटलीत काही शोधत बसत नाही, नुसतं रडतं. बोट त्या पातळ खाण्यात बुडवून पिल्लाच्या ओठांना लावावं. ते चाटू लागलं की बोट हळूहळू खाली ताटलीपर्यंत न्यावं. दोन-तीन वेळा केलं की बहुतेक पिल्लांना उमगतं, आणि एकाला उमगलं की बाकीची त्याचं बघून येतात. एक गोष्ट कधीही करू नये: मान धरून तोंड ताटलीत दाबणं. नाकपुड्या बुडतात, पिल्लू दचकून श्वास ओढतं आणि ते पातळ खाणं थेट फुप्फुसात जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया एवढ्याशा जिवाला झेपत नाही. खाल्ल्यावर नाकातून दूध येणं, ठसका, पोट आत-बाहेर करत घेतलेला जलद श्वास, यांपैकी काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नये. आई नसलेल्या पिल्लांना बाटलीने पाजतानाही हाच धोका असतो. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून कधीच पाजू नये. पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईला पितं तसं.

पहिले काही दिवस पिल्लं खातात कमी आणि ताटलीत चालतात जास्त. बघायला मौज वाटते, पण अंगावर वाळलेलं खाणं केसांत चिकटतं आणि ओल्या अंगाने पिल्लू गारठतं. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावं, लगेच कोरडं करावं. किंवा आईलाच आत सोडावं, ताटली आणि पिल्लं दोन्ही ती स्वच्छ करते. उरलेलं खाणं वीस मिनिटांत उचलून फेकावं. ओलं खाद्य पडून राहिलं की आंबतं. 'नंतर खातील' म्हणून ठेवलेली ताटली हे या काळातल्या जुलाबांचं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

दोन-तीन दिवस दिवसातून एकदा, मग दोनदा, आणि आठवडाभरात तीन ते चार वेळा, असा क्रम ठेवावा. पाणी हळूहळू कमी करत जावं. पाचव्या आठवड्यात खाद्य आणि पाणी निम्मं-निम्मं, सहाव्यात दाणे नुसते भिजून मऊ झालेले, सातव्यात निम्मे ओले, निम्मे कोरडे, आठव्यात कोरडं. इथे नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ज्या दिवशी खाणं घट्ट केलं त्या दिवशी वेळा वाढवायच्या नाहीत, आणि खाद्याचा ब्रँड तर या महिन्यात बदलूच नये. नाहीतर शी पातळ झाली की कशामुळे झाली ते कळायला मार्ग राहत नाही. शी सैल झाली पण पिल्लू खेळतंय, पितंय, तर दोन दिवस एक पायरी मागे यावं. शीमध्ये रक्त, सोबत उलट्या किंवा मलूलपणा असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. या वयात शरीरातलं पाणी काही तासांत संपतं.

पहिल्या ताटलीबरोबरच उथळ भांड्यात स्वच्छ पाणीही ठेवायला सुरुवात करावी. भांडं खोल नको. पिल्लू त्यात पडून बुडू शकतं.

आईला पिल्लांपासून एका झटक्यात तोडायचं नसतं. चौथ्या आठवड्यात दिवसातून काही तास, पाचव्यात जवळजवळ दिवसभर, सहाव्यात फक्त रात्री एकत्र, आणि सातव्या-आठव्यात पाजणं बंद. यासाठी उत्तम सोय म्हणजे पिल्लांच्या जागेला असं कुंपण, जे आई उडी मारून ओलांडेल पण पिल्लं ओलांडू शकणार नाहीत. मग वेळापत्रक ती स्वतः ठरवते आणि आपल्याला फार लुडबूड करावी लागत नाही. काही कुत्र्या या काळात स्वतः खाल्लेलं पिल्लांसमोर ओकून काढतात आणि पिल्लं ते खातात. हा आजार नाही, त्यांची उपजत रीत आहे. ओरडू नये. मात्र तेव्हा आईच्या खाण्यात मोठे तुकडे किंवा हाडं नकोत, आणि जेवढं ओकून गेलं तेवढं ताजं खाणं तिला पुन्हा द्यावं.

वजनकाट्याशिवाय हे काम करणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. रोज एकाच वेळी, खाण्याआधी वजन करून वहीत लिहावं. पिल्लं सारखी दिसत असतील तर गळ्यात वेगवेगळ्या रंगांची लोकर सैल बांधावी आणि ती दर दोन दिवसांनी तपासावी, कारण माना भराभर वाढतात. मोठेपणी जितकं वजन अपेक्षित आहे, त्यातल्या दर किलोमागे रोज दोन ते चार ग्रॅम वाढ हा ढोबळ हिशेब. म्हणजे २० किलोपर्यंत जाणाऱ्या पिल्लाचं वजन रोज ४० ते ८० ग्रॅमने वाढायला हवं. एक दिवस काटा हलला नाही तर लक्ष ठेवावं. दुसऱ्या दिवशीही तेच असेल किंवा वजन उतरलं असेल तर काहीतरी बिघडलंय असं धरून चालावं. बहुतेकदा कारण साधं असतं: सगळ्यांत लहान पिल्लू ताटलीपाशी पोचतच नाही, धष्टपुष्ट भावंडं त्याला ढकलून देतात. त्याला वेगळ्या ताटलीत आणि सगळ्यांच्या आधी द्यावं.

किती खाऊ घालायचं? दूध सुटत असताना एक किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य, चार वेळांत विभागून. दोन किलोच्या पिल्लाला याच्या दुप्पट लागत नाही; ८५ ते १०० ग्रॅम पुरतं, कारण अंग वाढतं तशी दर किलोमागची गरज उतरते. जोवर ते आईचंही पितंय तोवर यातलं बरंच कमी करायचं. पोट नगाऱ्यासारखं तट्ट होईपर्यंत खाऊ घालणं हा प्रेमाचा भाग नाही. खाल्ल्यावर पोट भरलेलं दिसावं, ताणलेलं नाही.

अगदी लहान जातीची पिल्लं दोन खाण्यांमधला मोठा खंड सोसू शकत नाहीत. यकृतात साखरेची साठवण जवळजवळ नसते, त्यामुळे रक्तातली साखर झपकन उतरते. पिल्लू झोकांड्या देतं, गार पडतं, मलूल होतं, थरथरतं किंवा झटके येतात. हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने चोळावं, अंग ऊबेत ठेवावं आणि लगेच दवाखाना गाठावा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नये.

जंतांबद्दल बेफिकिरी फार आहे. 'आईच्या दुधावर आहे, त्याला कुठले जंत?' असा प्रश्न हमखास येतो. गोल जंत गर्भातच आईकडून पिल्लात येतात, आणि अंकुशकृमी तर थेट दुधातून येतात. म्हणून जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना, प्रत्येक वेळी नव्याने वजन करून, पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत द्यावं. आईलाही सोबतच द्यायचं असतं. फुगलेलं पोट, बाहेर आलेल्या बरगड्या आणि निस्तेज केस दिसले की पिल्लू 'गुटगुटीत' आहे असं समजू नये; ते बहुधा जंत असतात. हेच गोल जंत माणसांच्या मुलांनाही बाधतात. पिल्लं बाहेरचं खायला लागली की आई त्यांची शी साफ करणं सोडून देते, त्यामुळे ते काम आता आपलं. दिवसातून अनेकदा, नुसतं पुसून नव्हे तर उचलून. जंतांचं औषध देऊनही जुलाब थांबत नसतील तर शी तपासून घ्यावी; कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी याच वयात उचल खातात आणि जंताच्या नेहमीच्या औषधांनी जात नाहीत.

घरी शिजवलेलं का नको, असं अनेक जण विचारतात. द्यायला ना नाही, पण नुसतं उकडलेलं मांस आणि भात म्हणजे पिल्लाचा आहार नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. शरीर मग रक्तातली पातळी राखायला हाडांतून कॅल्शियम काढतं, आणि काही आठवड्यांत पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. याउलट मोठ्या जातीच्या पिल्लाला, 'हाडं मजबूत होतील' म्हणून, सगळी पोषणतत्त्वं असलेल्या तयार खाद्यावर वरून कॅल्शियमची पावडर चारणं तितकंच घातक: जादा कॅल्शियम आतड्यातून रक्तात शिरण्यापासून रोखण्याची ताकद त्या वयात नसते आणि वाढणारी हाडं वेडीवाकडी होतात. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्यकाकडून ग्रॅममध्ये लिहून घेतलेली कृतीच वापरावी. आपल्या ताटातलं काहीही नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) घातलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडं तर कटाक्षाने टाळावीत.

पिल्लांच्या नादात आईकडे दुर्लक्ष होतं. दूध भरात असताना तिला एरवीच्या दोन ते चारपट खाणं लागतं. या काळात पिल्लांचंच खाद्य तिला पोटभर द्यावं. दूध तोडताना मात्र उलटं. पिल्लं दिवसभर वेगळी राहू लागली की तिचं खाणं कमी करत आणावं आणि शेवटची पाजणी संपल्यावर चार-पाच दिवसांत नेहमीच्या मापावर आणून सोडावं. पाणी कधीही तोडू नये. आचळं भरली म्हणून पिळून काढू नये. जितकं काढाल तितकं पुन्हा तयार होतं. दोन-तीन दिवस ती घट्ट राहतात, मग ओसरतात. एखादंच आचळ लाल, गरम, दगडासारखं कडक झालं, हात लावू देईना, दुधात पू किंवा रक्त दिसलं, तर तो स्तनदाह. त्याला औषध लागतं. तो टाळायला पिल्लांच्या नखांची टोकं दर आठवड्याला कापावीत, कारण चोखताना पिल्लं पंज्यांनी रेटतात आणि ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होतो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरणं. व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः लहान चणीच्या आणि पुष्कळ पिल्लं असलेल्या कुत्र्यांमध्ये हे होतं. आधी अस्वस्थपणा, धापा, ताठर चाल. मग कापरं, झटके. तासांचा प्रश्न असतो. पिल्लं ताबडतोब बाजूला करावीत आणि तिला दवाखान्यात न्यावं. पिल्लांना तोवर दूध पावडर द्यावी, आणि ती तीन आठवड्यांच्या पुढची असतील तर ताटलीवर आणायची हीच वेळ. गाभणपणात 'पुढे त्रास नको' म्हणून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा धोका कमी होत नाही, वाढतो. शरीर स्वतःचं कॅल्शियम हाडांतून सोडायचं काम मंदावतं आणि ऐन गरजेच्या वेळी ते जागं होत नाही.

दूध सुटलं की प्रतिकारशक्ती जाते, असाही समज आहे. आईकडून येणारी, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं बहुतेक सगळी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातल्या चिकातून मिळतात आणि पुढच्या आठवड्यांत आपोआप ओसरतात, पाजणं चालू असो वा नसो. म्हणून लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून निदान सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने चालू ठेवावं लागतं. पहिली लस झाली म्हणजे पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजारापासून सुटका झाली, असं नाही.

सात आठवड्यांत पोट ताटलीवर आलं तरी पिल्लाला आई आणि भावंडं लगेच नकोशी होत नाहीत. खेळताना जोरात चावलं की भावंड किंचाळून खेळ थांबवतं, आई गुरगुरते. दात किती जोरात लावायचे हे ते तिथेच शिकतं. पाच आठवड्यांत उचललेलं पिल्लू घरातल्या मुलांचे हात ओरबाडतं, त्यामागे बऱ्याचदा हे राहून गेलेलं शिक्षण असतं.

पिल्लू देताना सोबत चालू असलेल्या खाद्याची निदान आठवडाभराची पुडी, खाण्याच्या वेळा, जंताच्या औषधाच्या तारखा आणि वजनाची वही द्यावी. नेणाऱ्याने हे मागूनच घ्यावं. पहिले तीन-चार दिवस तेच खाद्य, तेच माप, दिवसातून चार वेळा. बदलायचं असेल तर त्यानंतर: पाऊण जुनं, पाव नवं असं सुरू करून आठवडाभरात पूर्ण नवं. चार वेळांचं खाणं तीन महिन्यांपर्यंत, तीन वेळांचं सहा महिन्यांपर्यंत, पुढे दोनदा. नव्या घरी पहिल्या दिवशी पिल्लू एखादं जेवण सोडेल, त्याने घाबरून दूध पुढे करू नये. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा लहान जातीचं पिल्लू असून सलग दोन वेळा खाल्लं नाही, तर मात्र पशुवैद्यकाला फोन करावा.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक